नावाचा हाजी

पनवेलला माणसं गाडी बदलायला उतरतात. कोकणात जाणारी, घाटावर जाणारी, पुण्याहून येऊन ठाण्याकडं वळणारी. मिरजेच्या स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरला मी म्हणालो, "पनवेलला चाललोय." त्यानं विचारलं, "आणि पुढं?" पुढं कुठंच नाही म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं जरा काळजीनं पाहिलं. त्यालाच काय, मलाही मे महिन्यात पनवेलला तीन दिवस राहायला जाणं विचित्रच वाटत होतं. पण हाजीचा फोन आला होता.

हाजी म्हणजे हाजी अब्दुल लतीफ मुकादम. पस्तीस वर्षांपूर्वी ओमानच्या वाळवंटात, एका रस्त्याच्या कामावर, आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. दोघंही मेकॅनिक. डंपर, ग्रेडर, जे काही वाळूत बंद पडेल ते चालू करायचं. पुढं मी परत आलो, मिरजेत गॅरेज टाकलं, तो तिकडंच राहिला. मोबाइल आल्यावर दिवाळीला त्याचा आणि ईदला माझा फोन जायला लागला. प्रत्यक्ष भेट मात्र झाली नव्हती.

फोनवर तो म्हणाला, "सदा, हजच्या सोडतीत नंबर लागला. रुकय्याचा आणि माझा. सोमवारी निघतोय. जाण्याआधी सगळ्यांना भेटून बोललंचाललं माफ करून घ्यायचं असतं. तू येशील?"

"फोनवरच केलं की माफ," मी म्हणालो.

"फोनवर नाही चालत," तो म्हणाला. एवढ्यावरच मी निघालो. खरं सांगायचं तर माझ्याही पोटात एक गोष्ट पस्तीस वर्षं पडून होती.

शनिवार: जुनं पनवेल

पत्ता मी लिहून घेतला नव्हता. मोहल्ल्यात येऊन हाजीचं घर विचार, कुणीही सांगेल, असं तो म्हणाला होता. रिक्षावाल्याला मी तेच सांगितलं. तो भला माणूस. त्यानं मला एका हिरव्या दाराशी नेलं. आतून पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ आले, त्यांनी मला पाणी दिलं, कुठून आलात विचारलं, आणि मग लक्षात आलं की हे दुसरेच हाजी. दुसऱ्या घरी तिसरेच हाजी. तिथल्या बाईंनी सरबत दिलं. तिसऱ्या वेळी रिक्षावाल्यानं एका किराणा दुकानापाशी गाडी थांबवून दुकानदारालाच विचारलं.

"हज केलेले हाजी की नावाचे हाजी?" दुकानदार म्हणाला.

"नाव हाजी आहे," मी म्हणालो.

"मग नावाचे हाजी म्हणा ना! मशिदीमागं, दुसरी गल्ली, पेरूचं झाड."

आपल्या मराठीत 'नावाचा' या शब्दाला दुहेरी धार आहे. नावाचा पुढारी, नावाचा डॉक्टर. दुकानदाराच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्या मोहल्ल्यात ती फक्त पत्त्याची सोय होती. पण जन्मभर रोज हे कानावर पडत असेल तर माणसाला कसं वाटत असेल, हा विचार मी पेरूच्या झाडापर्यंत करत होतो.

हाजी दारातच उभा होता. केस गेलेले, गुडघ्याला पट्टा, पण हसणं तेच, आधी डोळ्यांत दिसून मग तोंडावर येणारं. मला मिठी मारून तो म्हणाला, "किती हाजी पालथे घातलेस?"

"दोन. तिसरा तू."

"म्हणजे लवकर सापडलो."

रुकय्याभाभींना मी पहिल्यांदाच पाहत होतो. उर्दू शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या, बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात मालाची कागदपत्रं करतो आणि सुकापूरला मोठ्या इमारतीत राहतो. तो आईवडिलांना तिकडं बोलावतो, पण भाभी म्हणतात, "तिथं लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडं बघत नाहीत. इथं निदान भांडतात तरी."

दुपारी जेवायला तांदळाची पातळ, पांढरीशुभ्र भाकरी आणि नारळाच्या दुधातली कोळंबी होती. आम्हा मिरजकरांना ज्वारीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा असल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. ही कोळंबी इतकी सौम्य होती की पहिल्या घासाला मला तिखट घालायचं राहिलं की काय असं वाटलं. चौथ्या घासाला मी बोलणं बंद केलं. भाभींनी न विचारता दुसरी वाटी भरली. गोडाला सांदणं होती, वाफवलेल्या तांदळाची, गुळाची, जाळीदार. ती किती खाल्ली ते लिहीत नाही.

जेवणानंतर कोपऱ्यातल्या दोन बॅगा दिसल्या. वर घडी करून ठेवलेली दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं. तिथं पुरुषांनी एवढंच अंगावर घ्यायचं असतं. मला आमच्या आजोबांची काशीयात्रा आठवली. निघण्याआधी तेही घरोघर जाऊन हात जोडून आले होते, आणि ज्या भावाशी बोलत नव्हते त्याच्या दारातही गेले होते. मी तसं सांगितलं, तर भाभी म्हणाल्या, "लांब जाताना ओझं कमी करायचं, हे सगळ्यांनाच कळतं."

मग मी मनातला प्रश्न विचारला. याचं नाव हाजी कसं, हे मला अर्धंच ठाऊक होतं.

"यांच्या आईमुळं," भाभी म्हणाल्या. "माझ्या सासूबाई पोटुशी होत्या तेव्हा त्यांचे वडील जहाजानं जेद्द्याला गेले होते, हजला. महिने गेले, खबर नाही. बकरी ईदच्या दिवशी, म्हणजे ऐन हजच्या महिन्यात, हे जन्मले. त्या म्हणाल्या, बाबा येतील न येतील, घरात एक हाजी असू दे. पूर्वी त्या महिन्यात जन्मलेल्या पोरांना हे नाव ठेवायचेच. आपल्याकडं श्रावणात जन्मला तर श्रावण म्हणतात ना, तसं."

"आणि वडील आले?"

"आले की. खजूर घेऊन आले. मग घरात दोन हाजी झाले. एक खरा, एक..."

"नावाचा," हाजीच म्हणाला.

भाभींमधली शिक्षिका आता जागी झाली होती. त्यांनी सांगितलं, अरबीत मूळ शब्द हज्ज. त्याचा जुना अर्थ एखाद्या थोर ठिकाणाकडं मनाशी ठरवून निघणं. जो निघाला तो हाज्ज. शेवटची 'ई' अरबांची नाही, ती इराणी आणि तुर्की तोंडांत जोडली गेली आणि तशीच आपल्याकडं आली. अरब लोक कुठल्याही म्हाताऱ्याला आदरानं 'या हाज्ज' म्हणतात, तो गेलेला असो नसो. आणि यापेक्षा मला नवल वाटलं ते हे, की तुर्कांच्या राज्यातले ख्रिस्ती लोकसुद्धा जेरुसलेमची यात्रा करून आले की स्वतःच्या नावापुढं हाजी लावायचे, आणि ग्रीसकडच्या कितीतरी आडनावांत तो अजून चिकटून आहे.

"आणि मुकादम?" मी विचारलं.

"तोही अरबीच. मुकद्दम, पुढं ठेवलेला. आणि तुमचं आडनाव, हवालदार? हवाला अरबी, दार फारसी. तुम्ही कधी पोलिसात होता?"

"नाही."

"मग झालं तर. तुम्हीही नावाचेच."

आम्ही तिघंही हसलो. पण हाजी लवकर थांबला.

रविवार: खाडीकाठ

सकाळी हाजीनं त्याची जुनी गाडी काढली. खाडीकाठच्या एका गावात त्याचा बाळपणीचा मित्र पांडूतात्या राहतो, त्याच्याकडं जायचं होतं. वाटेत माथेरानच्या पायथ्याच्या ठाकर बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसल्या होत्या. मी दोन द्रोण घेतले आणि शर्टावर डाग पाडून घेतला. तो अजून गेलेला नाही.

पांडूतात्याची पूर्वी मिठागरं होती. आता जमिनीवर इमारती उभ्या आहेत आणि त्याच्या मुलांनी तीन मजली बंगला बांधलाय. वरच्या मजल्यावर थंडगार खोल्या, पण म्हातारा खाली ओटीवर, उघड्या अंगानं, पंखा घेऊन बसलेला.

"ये र हाज्या," तो म्हणाला. "यो पावना कोन?"

हाजीनं माझी ओळख करून दिली, मग त्याच्यासमोर बसून दोन्ही हात पुढं केले. "पांडू, मी हजला जातोय. माझं काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर."

पांडूतात्या पंखा हलवायचा थांबला. "आता जातोस? मंग आजवर मी तुला हाजी हाजी म्हनत आलो, त्ये फुकट गेलं का? आता परत पयल्यापासून म्हनाया लागंल."

हाजी हसला, पण हात पुढंच ठेवून राहिला. तेव्हा म्हाताऱ्यानं ते हात धरले. "माफ हाय र. सगला माफ हाय. ताडगोलं चोरून माझं नाव सांगितलंस, त्ये पन माफ." मग त्यानं विचारलं, "तिकडं दर्या हाय का?"

"जेद्द्याला आहे."

"मंग तिकडचा मीठ बघून ये. हातात घेऊन बघ, जाडा हाय का बारीक. मला येऊन सांग."

त्या घरी जिताडा खाल्ला. खाडीतला मोठा मासा. या भागात मानाच्या पाहुण्याला तोच करतात, असं कळलं. सुनेनं वाढताना म्हटलं, "आमी तिखट कमी घातलाय, तुमी घाटावरची मानसं." माझ्या मिरजेच्या अभिमानाला तो धक्काच होता, कारण कमी म्हणत केलेला तो रस्सा खाताना माझ्या कानांतून वाफा निघत होत्या.

परत येताना बंदराच्या रस्त्यावर अडकलो. पुढं कंटेनरचे ट्रेलर, मागं कंटेनरचे ट्रेलर, आणि मध्ये आमची डबी. इंजिन तापायला लागलं म्हणून हाजीनं गाडी बंद केली. काचा खाली केल्या, तर धूळ आणि डिझेलचा वास आत आला. ओमानची आठवण यायला तेवढं पुरेसं होतं.

"सदा," तो समोर बघत म्हणाला, "तुला इथं का बोलावलं ते सांगतो. तो मिसरी इंजिनिअर आठवतो?"

न आठवायला काय झालं! इजिप्तचा उंच माणूस. फोरमनची जागा रिकामी झाली तेव्हा आयटीआय झालेला, इंग्रजी येणारा मी एकटाच होतो. जागा माझीच, असं सगळा कँप धरून चालला होता. ती हाजीला मिळाली.

"ती जागा तुझी होती," हाजी म्हणाला. "त्यानं मला बोलावलं आणि म्हणाला, या हाज्ज, तू अल्लाच्या घरी जाऊन आलेला माणूस, तू खोटं बोलणार नाहीस, स्टोअरच्या किल्ल्या तुझ्याकडं. मला सांगता आलं असतं, की साहेब, हे माझं नाव आहे, मी गेलेलो नाही. एका वाक्याचं काम. मी मान खाली घालून किल्ल्या घेतल्या. तू मग माझ्याशी बोलेनास. आठ महिन्यांनी न सांगता निघून गेलास. बरोबरच केलंस. तिथून दरवर्षी आमच्यातल्या लोकांची बस मक्केला जायची, सदा. रस्त्यानंच. मी एकदाही बसलो नाही. ज्या नावावर खोटं खाल्लं, ते नाव घेऊन तिथं कसा उभा राहू? इथं आल्यावरही टाळत राहिलो. आता गुडघे गेले, तेव्हा भीती वाटली की राहूनच जाईल. मला माफ कर."

ट्रेलरवाले हॉर्न वाजवत होते. मी करवंदाचा डाग खरवडत होतो. हो, केलं माफ, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. तो तेवढंच मागत होता.

"हाजी," मी म्हणालो, "तुझा कंपनीचा अर्ज कुणी भरला होता?"

"तूच. मला इंग्रजी कुठं येत होतं!"

"त्यात नावाआधी एक चौकोन होता, पदवीचा. मिस्टर, इंजिनिअर, डॉक्टर, जे असेल ते. आपली ओळख होऊन पंधरा दिवस झाले होते. मला वाटलं तू हज करून आलायस. मी हाजी त्या चौकोनात लिहिलं आणि नावाच्या जागी अब्दुल लतीफ. मिसरीनं तेच वाचलं. चूक माझ्या अक्षरात होती."

तो माझ्याकडं वळला.

"तुला हे कधी कळलं?"

"तुला जागा मिळाली त्याच दिवशी, मिसरीनं ती का दिली ते ऐकून. महिनाभर आधी तू आईची गोष्ट सांगितली होतीस, हाजी नाव कसं ठेवलं ती. अर्धी सांगितली होतीस, पण माझ्या लक्षात यायला तेवढी पुरली."

"आणि तरी तू माझ्याशी आठ महिने बोलला नाहीस?"

"हो."

"का?"

"स्वतःवर चिडण्यापेक्षा तुझ्यावर चिडणं सोपं होतं."

पुढचा ट्रेलर हलला. हाजीनं गाडी सुरू केली. घर आलं. दारात उतरला आणि तसाच मशिदीकडं चालायला लागला, पट्टा बांधलेला पाय ओढत.

मी भाभींसमोर बसलो आणि सगळं त्यांना सांगितलं. त्या बॅगेत औषधं लावत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"तीस वर्षं मी त्यांना विचारत होते, का जात नाही," त्या म्हणाल्या. "कधी म्हणाले मुलाची परीक्षा, कधी घराचं काम. मला वाटायचं यांचा ईमानच कच्चा आहे. रागानं मी कितीदा टोमणे मारले असतील. आणि तुम्ही दोघं पुरुष तिकडं एका चौकोनात अडकून बसला होता!"

"भाभी, मला माफ करा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. "मी शिक्षिका आहे. कबूल करणाऱ्या मुलाला मी कधी उभं केलं नाही. पण राग यायचा तेवढा येणार. तो त्याच्या वेळेनं जाईल." आणि उठून त्यांनी माझ्यासाठी चहा टाकला.

हाजी आला तो दिवेलागणीला. जेवताना तो सुकापूरहून आलेल्या मुलाशी विमानाच्या वेळेबद्दल बोलला, माझ्या ताटात भाकरी वाढली, पण माझ्याकडं पाहिलं नाही. तो हक्क त्याचा होता. मी भाकरी खाल्ली.

सोमवार: निघताना

सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बायका, दुकानदार, भाभींच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी. प्रत्येकजण गुलाबाचा हार घालत होता आणि म्हणत होता, "दुवेत आमची याद ठेवा." हाजी प्रत्येकाला मिठी मारत माफी मागत होता. मला ज्यांनी परवा पाणी दिलं ते पांढऱ्या दाढीचे गृहस्थही आले होते. मी दाराशी माझी पिशवी घेऊन उभा होतो. आपण आता निघावं, की थांबावं, हे कळत नव्हतं.

गर्दी थोडी ओसरली तेव्हा तो माझ्यापाशी आला. गळ्यात इतके हार की हनुवटी दिसत नव्हती.

"काल मशिदीत बसून हिशेब लावून पाहिला," तो हळू म्हणाला. "सगळं तुझ्यावर टाकता येईल का, ते बघत होतो. नाही टाकता येत. अर्ज तू भरलास, पण मिसरीसमोर गप्प मी बसलो. तो चौकोन नसता तरी मी गप्पच बसलो असतो, असं वाटतं मला. वर्षं गेली त्याचं दुःख आहे. ते तुझंही आहे, माझंही."

"मग?"

"मग काय? मी तुला माफ केलं, तू मला कर, आणि गाडी आली आहे."

"केलं," मी म्हणालो. मग पुन्हा एकदा म्हणालो.

त्यानं खिशातून एक छोटी वही काढली. ज्यांच्यासाठी दुवा मागायची त्यांची नावं त्यात होती. बरीच उर्दूत, काही मराठीत. पांडूतात्याचं पूर्ण नाव होतं, त्याच्या सुनेचंही. वही आणि पेन माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "तुझं तूच लिही. नीट लिही रे."

मी माझं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आडनाव लिहिलं. शाळेत पाटीवर काढायचो तसं, एकेक अक्षर.

भाभी गाडीत बसताना मला म्हणाल्या, "डब्यात सांदणं आहेत. मिरज येईपर्यंत पुरवा." गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. बायका डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. मीही स्टँडकडं निघालो. डबा कऱ्हाडच्या आधीच रिकामा झाला.

त्यानंतर

हे लिहायला बसलो, कारण परवा त्याचा फोन आला. अराफातच्या मैदानावरचा दिवस, जेव्हा दिवसभर उभं राहून दुवा मागायची असते, पार पडला होता. आवाज बसलेला, घोगरा.

"उन्हात उभं राहून वही वाचली," तो म्हणाला. "सगळी नावं घेतली. रुकय्यानं छत्री धरली होती. तुझ्या आडनावापाशी अडखळलो, दोनदा घेतलं."

"आणि स्वतःसाठी काय मागितलंस?"

मागं माणसांचा मोठा गलका ऐकू येत होता.

"मागायचं ठरवून गेलो होतो बरंच काही," तो म्हणाला. "तिथं काही आठवेना. शाळेत मास्तर नाव पुकारायचे ना, तेव्हा उभं राहून सांगायचो, तसं सांगितलं. हाजी अब्दुल लतीफ मुकादम, हजर."